एकवीस शर्ट आणि घालायला काही नाही

मे महिन्यातला रविवार. सकाळी नऊलाच भाच्याचा फोन. "मामा, आज दुकान बंद असतंय न्हवं? जरा रूमवर येता काय? कपड्यांचं काहीतरी बघायला पाहिजे."

भाचा इचलकरंजीचा, वय २६, सिव्हिल इंजिनिअर. तीन वर्षं साइटवर हेल्मेट घालून काढली आणि आता बाणेरच्या ऑफिसात बदली झाली. काम म्हणजे ड्रॉइंग, बिलं आणि आठवड्यातून दोनदा क्लायंटसमोर बसणं. पहिल्याच मीटिंगनंतर साहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं, "उद्यापासून जरा नीट कपडे घालून येत जा." नीट म्हणजे कसे, ते काही सांगितलं नाही. साहेब लोक ते कधीच सांगत नाहीत.

मी नारायण पेठेत पुरुषांचे कपडे शिवतो. 'आहे ते चांगलं दिसत नाही, काय घेऊ?' असं विचारणारं गिर्‍हाईक आठवड्याला दोन-तीनदा येतं. पण दुकानात मला फक्त माणूस दिसतो, त्याचं कपाट दिसत नाही. इथे कपाट उघडं मिळत होतं. म्हणून गेलो, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहून ठेवतोय.

गादीवरचा पसारा

धायरीच्या त्या खोलीत सगळे कपडे गादीवर काढायला लावले. एकवीस शर्ट, पाच फॉर्मल पँटी, चार जीन्स, एक ब्लेझर. पादत्राणं तीन: पांढरे स्नीकर, पुढून चोचीसारखे निमुळते काळे बूट आणि सँडल.

शर्टांत दोन वाइन, एक कोनफळी सॅटिनचा, काळ्यावर सोनेरी बुट्टे असलेला एक, तीन बारीक चेक्सचे, आतून वेगळ्या कापडाची कॉलर असलेले चार, आणि एक मोरपंखी, त्यावर मोठाली पानं. निम्मे सेलमधले. 'दोनवर तीन फ्री'मध्ये दोन आवडीचे निघतात आणि तीन उरलेले, हा हिशोब दुकानदाराला पक्का ठाऊक असतो. साधा आकाशी शर्ट एकही नव्हता. पांढरा होता, पण कॉलेजातल्या प्रेझेंटेशनच्या वेळचा आणि कॉलरला पिवळा पडलेला.

पाचपैकी तीन पँटी काळ्या. कारण विचारलं तर म्हणाला, "काळ्यावर सगळं चालतंय की ओ."

हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतोय. आधी वडिलांच्या दुकानात, आता माझ्या.

मग आम्ही एक खेळ केला. नऊ पँटी आणि एकवीस शर्ट म्हणजे कागदावर १८९ जोड होतात. एकेक पँट गादीवर पसरायची, वर एकेक शर्ट ठेवायचा आणि तू हे घालून क्लायंटसमोर बसशील का, एवढंच विचारायचं. उत्तर त्यानेच द्यायचं. दीड तास गेला. अकरा जोड उरले. त्यातल्या चारांत तोच एक राखाडी चेक्सचा शर्ट होता.

बिचारा गप्प बसला. तीन वर्षांच्या पगारातून जमवलेला ढीग होता तो.

घोटाळा पँटीत होता

त्याने मला बोलावलं होतं शर्ट कुठले घ्यायचे ते विचारायला, सोबत नवा ब्लेझरही. पंधरा हजार बाजूला ठेवले होते. मी म्हटलं, आधी पँट.

पुरुष शर्ट हौसेनं घेतात आणि पँट लागते म्हणून. त्याला कारण आहे. शर्ट अंगाला लावून आरशात बघता येतो, मित्राला फोटो पाठवता येतो, साइज ४० म्हटलं की काम झालं. पँटीसाठी बूट काढा, पट्टा सोडा, त्या खोकड्याएवढ्या ट्रायल रूममध्ये एका पायावर उड्या मारा, वर बॉटम अल्टर करायला द्या. एवढा कुटाणा कोण करतो? म्हणून शर्ट वाढत जातात आणि पँटी त्याच राहतात. खालची पँट त्यातल्या तिघांनाच जमणारी असेल, तर बाकीचे अठरा शर्ट हँगरला लटकलेले.

काळ्या पँटीचं म्हणाल तर नवीन असते तोवर ती देखणीच असते. पण उन्हात वाळवून, साबणात घासून सहा महिन्यांत तिच्यावर तांबूस झाक येते, आणि मग ती धड काळी नाही, धड तपकिरी नाही. दुसरं म्हणजे काळा रंग शेजारच्याशी जुळवून घेत नाही. पांढरा घातला तर हॉटेलातला स्टुअर्ड, वाइन घातला तर लग्नातल्या ऑर्केस्ट्रातला गायक. हे मी म्हणत नाही, भाच्यानेच फोटो बघून म्हटलं. राखाडी पँट मात्र आकाशी, पांढरा, गुलाबी, बाटली हिरवा, अगदी वाइनसुद्धा पोटात घेते.

त्याला एक सोपी युक्ती दाखवली. जोड गादीवर ठेवून मोबाइलवर फोटो काढायचा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करायचा. रंग गेला की नुसतं फिकं-गडद उरतं. त्याचा वाइन शर्ट आणि काळी पँट फोटोत एकच डगला दिसायला लागले, शर्ट कुठे संपतो ते कळेना. राखाडी पँटीवर आकाशी असता तर दोन्ही स्वच्छ वेगळे दिसले असते. रंगांची चक्रं आणि तक्ते बाजूला ठेवा, नव्वद टक्के वेळा एवढ्यावर भागतं.

मापाचा दुसरा घोटाळा. त्याची कंबर ३३ इंच. रेडिमेड पँटी बहुतेक सम आकड्यांत येतात, ३२ नाहीतर ३४. हा ३४ घेणार, पट्ट्याने आवळणार, मागे कमरेला चुण्या पडणार आणि पँट बेंबीच्या चार बोटं खाली उतरणार. उंची पाच फूट साडेपाच इंच. पँट खाली उतरली की पाय आखूड दिसतात आणि धड लांब. वर बॉटमचा, म्हणजे पायाच्या तळटोकाचा घेर साडेबारा इंच, म्हणजे पोटरीला चिकटलेलं, आणि घोट्याशी कापडाचा ढीग साचलेला. मुलगा अंगाने चांगला आहे, कपडे त्याला ठेंगणा करत होते.

ब्लेझर ऑनलाइन घेतलेला. खांद्याची एक चाचणी आहे: भिंतीला बाजूने टेकून उभं राहायचं. दंड भिंतीला लागायच्या आधी खांद्याचं पॅड लागलं तर ब्लेझर मोठा. याचं पॅड पाऊण इंच आधी लागलं. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते, पण खांदा कमी करायचा तर दोन्ही बाह्या उसवून मुंडा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, नव्याने कापावा लागतो, आणि एवढं करून बसेलच याची खात्री नाही. तो ब्लेझर त्याच्या धाकट्या भावाला गेला. धाकटा तालमीत जातो, त्याला तो शिवल्यासारखा बसला. नवा ब्लेझर घ्यायला मी नाही म्हटलं. मे महिन्यात, दुचाकीवर, पाठीला सॅक लावून ब्लेझर कोण घालणार?

कापड

सोमवारी दुकानात बोलावला. ज्या गावात विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला, जिथे अजून गल्लीगल्लीत मागाचा खडखडाट ऐकू येतो, त्या गावचा हा मुलगा. आणि कापड घ्यायला आला की नुसता डोळ्यांनी बघतो, हात लावत नाही. आम्ही त्याला ताग्याचं टोक मुठीत दहा सेकंद चुरगळून सोडायला लावलं. हे प्रत्येकाने करावं, कुठल्याही दुकानात कुणी अडवत नाही.

टेरिवूल, म्हणजे पॉलिस्टर आणि लोकर मिसळलेलं कापड, सोडलं की हळूहळू आपोआप उलगडतं, कारण लोकरीच्या तंतूला मुळातच नागमोड असते. पॉलिस्टर-विस्कोस, ज्याला बाजारात टीआर म्हणतात, तेही सुरकुती धरत नाही, मात्र घाम आला की अंगाला चिकटतं. सुती कापडावर सुरकुती पडते, पण ती बरी दिसते. लिननवर पडलेली सुरकुती तिथेच मुक्काम करते, त्या तंतूला लवचीकपणा फारसा नाही.

तीन पँटी ठरल्या. मध्यम राखाडी टेरिवूलची, गडद निळी टीआरची आणि बिस्किटी सुती ट्विलची. ५८ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड त्याच्या मापाला सव्वा मीटर पुरतं. सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापलं. नाहीतर पहिल्या धुण्यात उंची घोट्याच्या वर.

मापं: कंबर ३३, बेंबीच्या जेमतेम खाली. बॉटम १५ इंच. उंची अशी की बुटावर कापड नुसतं टेकावं, साचू नये. मागच्या शिवणीत दीड इंच माया, म्हणजे पुढे सैल करायला आत दुमडलेलं जादा कापड, ठेवली. सव्वीसाव्या वर्षी नोकरी बसून करायची झाली की कंबर वाढतेच, आणि मेसचं जेवण जाऊन घरचं सुरू झालं की जास्तच.

ट्रायल, आणि माझी चूक

राखाडी पँट ट्रायलला सुरेख दिसली. पुढची घडी बुटापर्यंत सरळ रेषेत, मागे एक चुणी नाही. मी स्वतःवरच खूश होऊन बाकी दोन्ही पँटी त्याच मापाने शिवून टाकल्या.

चौथ्या दिवशी फोन. "मामा, उभारलं की एक नंबर. गाडीवर बसलं की मांडीत आवळतंय, आणि घोटा सगळा उघडा."

जयसिंगपूरला वडील ट्रायलच्या वेळी गिर्‍हाइकाला उकिडवं बसायला लावायचे. उसाला पाणी पाजणारी माणसं, दिवसातून पन्नास वेळा उठणारी-बसणारी. वडील म्हणायचे, कपडा उभ्या माणसासाठी शिवायचा नाही. मी शहरात येऊन आरसा मोठा लावला आणि हेच विसरलो. धायरी ते बाणेर हा पोरगा सकाळी चाळीस मिनिटं आणि संध्याकाळी तासभर गाडीवर असतो. त्याचं खरं उभं राहणं म्हणजे ते बसणंच.

दुकानातल्या स्टुलावर त्याला गाडीवर बसतात तसा बसवला, पाय फाकवून, हात हँडलला धरल्यासारखे पुढे. खडू घेऊन खाली बसलो. मांडीवर आडव्या रेषा ताणल्या गेल्या होत्या. आतली शिवण उसवली, मायेतून दोन्हीकडे मिळून पाऊण इंच मोकळं केलं, आसनाशी थोडा घेर सोडला, बॉटमची दुमडपट्टी उलगडून अर्धा इंच उंची वाढवली. उभा राहिला तर फरक कळतसुद्धा नव्हता. तिन्ही पँटींचं हे काम फुकट केलं, अर्थात. आता ते स्टूल आरशासमोरच ठेवलंय.

बाकीचं

बूट तपकिरी डर्बी घेतले, म्हणजे नाडीचे, साधे गोल टोकाचे. राखाडी, निळा, बिस्किटी, तिन्हींवर तपकिरी बूट चालतो. काळा बूट बिस्किटीवर जड पडतो. चोचीचे काळे बूट लग्नकार्यासाठी ठेव म्हणालो, खरं तर तिथेही नको होते. पुण्याच्या जुलैत चामड्याचे बूट घालून गाडी चालवणं म्हणजे बूट फेकून देणंच, म्हणून ते ऑफिसच्या खणात राहतात आणि येताना-जाताना सँडल. पट्टा बुटाच्या रंगाचा, अगदी तंतोतंत नको, चुलत भाऊ शोभला तरी पुरे.

शर्ट तीन. पांढरा पॉपलिन, आकाशी ऑक्सफर्ड, बाटली हिरवा लिनन. ऑक्सफर्डची वीण जरा जाड आणि खडबडीत असते, त्यामुळे आतलं दिसत नाही आणि सॅकच्या पट्ट्याखाली फारसा चुरगळत नाही. गाडीवाल्याला याच्याइतका सोयीचा शर्ट नाही. पांढर्‍या शर्टाखाली पांढरा बनियन घातला की त्याची रेषा समोरच्याला मोजता येते. अंगाच्या रंगाच्या जवळचा किंवा राखाडी बनियन घातला तर दिसत नाही. हे भाच्याला इतकं आश्चर्याचं वाटलं की त्याने तिथल्या तिथे मित्राला फोन करून सांगितलं.

पोरगा सावळा आहे. कुठल्याशा दुकानात त्याला कुणी सांगितलं होतं की सावळ्या माणसाने पांढरं आणि हिरवं घालू नये. मला याचा राग येतो. बाटली हिरवा, मोतिया, विटकरी हे रंग सावळ्या अंगावर जसे उठतात तसे गोर्‍यावर उठत नाहीत. मी त्याला फक्त आरशासमोर हिरवं कापड खांद्यावर टाकून उभा केला. तो पाच मिनिटं हलला नाही.

लिनन ही माझी दुसरी चूक. कापड उत्तम, रंग उत्तम, पण चाळीस मिनिटं सॅक लावून गाडीवर गेल्यावर त्याचा तव्यावरचा पापड झाला. तो शर्ट आता शनिवार-रविवारचा.

जुन्या एकविसांतले सहा शर्ट वाचवता आले. अंगात ढगळ होते, बाजूने आत घेतले. चारांची लांबी कमी केली, कारण बाहेर सोडायचा शर्ट मांडीपर्यंत आला की उंची खातो. पँटीच्या चेनच्या निम्म्यापर्यंत आला म्हणजे पुष्कळ.

खर्च असा झाला: तीन पँटींचं कापड २,७२५ आणि शिलाई १,९५०. शर्टांचं कापड २,४०० आणि शिलाई १,३५०. बूट ३,४००, पट्टा ९००, अल्टर ४८०, मोज्यांचे चार जोड ४००. एकूण १३,६०५. शिलाई पूर्ण घेतली. भाच्याला फुकट शिवून दिलं की तो पँट खुर्चीवर फेकतो, पैसे घेतले की हँगरला लावतो.

"स्टाईल कुठाय?"

सगळं घेऊन झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "मामा, लई साधं नाही वाटत हे? म्हणजे नीट आहे, पण स्टाईल कुठाय?"

प्रश्न रास्त होता. उत्तर म्हणून तो पानांचा मोरपंखी शर्ट मागवला. त्याला वाटलं होतं मी तो टाकायला सांगणार. बिस्किटी पँट, वर तो शर्ट खोचून, बाही कोपराच्या खाली दोन घड्या घालून, तपकिरी पट्टा. काळ्या जीन्सवर तोच शर्ट अंगावर ओरडत होता. इथे पानं आणि मोरपंखी रंग, दोन्ही सुटे सुटे दिसायला लागले, कारण खाली भांडायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, अंगावर बोलणारी वस्तू एकच ठेव. आज शर्ट बोलतोय तर पट्ट्याचं बक्कल गप्प, घड्याळ गप्प. ज्या दिवशी आकाशी ऑक्सफर्ड घालशील त्या दिवशी मोजे बोलू देत, विटकरी घाल.

गावी चुलतभावाच्या लग्नाला तो निळी पँट, मोतिया शर्ट आणि कोल्हापुरी घालून गेला. शर्ट त्याने स्वतःहून माझ्याकडे शिवायला टाकला होता, पुढच्या पगारातून. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण आमच्याकडे ती त्याआधीही करकर वाजत होतीच. बाकी सगळी भावंडं एकाच दुकानातल्या भाड्याच्या शेरवानीत, घामाने डबडबलेली. दुसर्‍या दिवशी ताईचा फोन आला. मला वाटलं कौतुक करायला केलाय.

"काय रे, पोराला लग्नासाठी नवे कपडे घ्यायला लावले नाहीस होय?"

तीन महिन्यांनी पुन्हा रूमवर गेलो, तेव्हा सवयीने कपाट उघडलं. नऊ शर्ट गेलेले, काही गावी, काही मित्रांना. आता जोड मोजायची गरज नव्हती. सकाळी तो अंधारात हात घालून पँट काढतो, मग शर्ट, असं त्यानेच सांगितलं. हँगर सगळे एकाच दिशेला तोंड करून लावलेले. कोपर्‍यात मात्र एक अनोळखी शर्ट दिसला, लेबल अजून लटकत होतं. डाळिंबी, चमकदार, कॉलरला काळी पाइपिंग.

"ते १,३९५ उरले होते न्हवं," तो म्हणाला, "सेल होता."

मी शर्ट हातात घेतला, टोक मुठीत चुरगळलं, सोडलं. मग राखाडी पँट काढून गादीवर पसरली आणि वर तो ठेवला. फोटो काढला, ब्लॅक अँड व्हाइट केला. पाइपिंग काढली तर चालेल. उसवायला दुकानात घेऊन ये म्हटलं, ऐंशी रुपये पडतील.